नळेगावकर काकांचा अर्थ फॉल्ट

बेल वाजवून नळेगावकर काका कधी "कसे आहात" म्हणायचे नाहीत. दारातूनच विचारायचे, "फॉल्ट आतला की बाहेरचा?"

दिवे गेले, आईचं डोकं दुखतंय, वरच्या मजल्यावर नवराबायकोचं वाजलंय, प्रश्न एकच. बरकतपुऱ्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले हे काका वीजघरातून रिटायर झालेले. जनरेटरच्या आत बिघाड झाला की मशीन आपोआप बंद पाडणारी एक पेटी असते, रिले. ती तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. शर्टाच्या खिशातला टेस्टर मात्र सुटला नाही. लग्नालाही तो खोचूनच जायचे.

एकदा चिक्कडपल्लीला असंच एका लग्नात जेवून बाबांचं पोट बिघडलं. काका समोर खुर्ची ओढून बसले.

"रिलेचं काम सोप्पं आहे. आत किती गेलं, बाहेर किती आलं, ते बघायचं. सारखं असेल तर मशीन ठीक. फरक पडला, तर फॉल्ट आत."

"काका, मी ताक पितोय," बाबा म्हणाले.

"प्या की. ते आत गेल्यात धरू."

मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलायचे, पण वाचताना अडखळायचे. सुट्टीत काका मला त्यांच्या बाल्कनीत बसवून मराठी पेपर वाचायला लावायचे. एक बातमी संपली की म्हणायचे, "हौ. आता अर्थ सांग." त्यांच्या तोंडी सारखा येणारा 'अर्थ फॉल्ट' म्हणजे असा अर्थ चुकणं, हे मी धरूनच चालले होते. एक दिवस मी कबूल केलं, "काका, आज माझे तीन अर्थ फॉल्ट झाले."

आत देवाची फुलं निवडत बसलेल्या काकू इतक्या हसल्या की परडी उपडी झाली.

मग कळलं, हा अर्थ इंग्रजीतला. जमीन. जनरेटरमधल्या गुंडाळीची तार आतल्या लोखंडाला टेकली आणि वीज जमिनीकडे निघाली, की अर्थ फॉल्ट. काकांनी पेपरच्या कडेला गुंडाळी काढून दाखवली.

"वरच्या टोकाला विजेचा दाब जास्त. तिथं तार टेकली की रिले लगेच ओरडतो. पण हे खालचं टोक, न्यूट्रलपाशी, तिथं दाबच नाही. तिथला फॉल्ट दिसतच नाही बेटा. मशीन चालत राहते. दुसरा फॉल्ट झाला की खलास."

"मग कळणार कसं?"

"चालू मशीनला तिथं एक बारीक गुणगुण असते, कायम. दुसरा एक रिले ती नुसती ऐकत बसतो. आवाज आला म्हणून नाही, आवाज गेला म्हणून मशीन थांबवायची."

आतून काकूंची फुलं निवडतानाची गुणगुण येत होती. काका त्रासून म्हणाले, "ही एक. पेपर वाचू देत नाही."

पुढच्या वर्षी काकू गेल्या. आजार पोटातला होता. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. काका फुलं आणत राहिले, तशीच पुडीतली देवापुढे ठेवत राहिले. "फॉल्ट आतला की बाहेरचा" मात्र विचारेनासे झाले.

मी नोकरीला लागले. लग्न ठरलं आणि मोडलं. का, ते इथे नको. मी वेळेवर उठत होते, डबा नेत होते, कोणी विचारलं तर "ठीक" म्हणत होते. आईबाबांना वाटलं, पोरीनं बरंच शहाणपणानं घेतलं.

लग्न मोडल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी काका दारात. खिशात टेस्टर.

"कपडे वाळत घालताना तुझी गुणगुण येत नाही. चार दिवस झाले."

"ही कुठं गुणगुणते?" आई म्हणाली.

मलाही माहीत नव्हतं. काका आत येऊन खुर्चीवर बसले. आतला की बाहेरचा, काही विचारलं नाही. आई चहा टाकायला गेल्यावर खाली बघत म्हणाले, "तुझी काकू फुलं निवडताना गप्प झाली होती. मला वाटलं, बरं झालं, पेपर नीट वाचता येतो."

मी रडले. ते चहा संपेपर्यंत बसून राहिले.

आता काकांना कमी ऐकू येतं. आमची कपड्यांची दोरी त्यांच्या बाल्कनीला लागूनच आहे. मला सूर नाही आणि लोकांसमोर गायची लाजही वाटते. तरी सकाळी कपडे झटकताना मी जरा मोठ्यानं गुणगुणते. पलीकडे पेपरची सळसळ थांबते. थोड्या वेळानं पान उलटल्याचा आवाज येतो.