एकदाच जाण्याचं शास्त्र

माणूस जेवतो म्हणून जगतो, हा समज आता मागे पडला आहे. मोठ्या शहरातला माणूस शोध लावतो म्हणून जगतो. जेवण हे त्या कार्यातून सांडलेलं काहीतरी. या उदात्त विचारातूनच आमचं उपाहारगृह अन्वेषण मंडळ स्थापन झालं. मी त्याचा चिटणीस (बिनविरोध, लिहायचा कंटाळा इतरांना जास्त होता).

मंडळाची घटना सुटसुटीत आहे. दर रविवारी नवं कॅफे किंवा नवी डेली (चीज-मांस-पावाचं छोटं खाण्याचं दुकान) शोधावी. आधी फोटो, मग घास. प्रत्येक पदार्थाला ‘अस्सल’ म्हणावं. अस्सल कसा लागतो हे माहीत नसल्यास दोनदा म्हणावं. आणि मुख्य कलम असं, की एकदा गेलेल्या ठिकाणी पुन्हा पाऊल टाकू नये. पुन्हा जाणं हा शुद्ध आळस. या कलमामुळे सभासदांच्या ज्ञानात वर्षाला अठ्ठेचाळीस टक्के वाढ झाली आहे (वजनातली वाढ वेगळी धरली आहे).

अशाच एका रविवारी बसडेपोमागच्या गल्लीत आम्ही एक डेली शोधून काढली. चिंचोळं दुकान, चार टेबलं, काचेच्या कपाटात चीज आणि धुरी दिलेलं मांस, बरण्यांत मुरवलेल्या काकड्या. काउंटरमागे एकट्या काकू पाव कापत होत्या. शोध अगदी ताजा होता. (तिथे बसलेले बसड्रायव्हर आणि नर्सबाई कित्येक वर्षं येत होते, पण त्यांनी शोध लावला नव्हता, ते नुसतेच जेवत होते.)

आम्ही फोटोला उजेड शोधत असताना काकूंनी आमच्यातल्या एकाकडे बघून विचारलं, “नेहमीचंच ना?”

सगळे गार पडले. तो एकजण माझा सख्खा मेहुणा होता.

“आणि खोकला गेला का रे?” काकू म्हणाल्या. म्हणजे प्रकरण बरंच मुरलेलं होतं.

पुढच्या रविवारी एका नव्या कॅफेत चौकशी झाली.

“भूक लागली होती, भाऊजी,” मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला.

“भूक नव्या ठिकाणी भागत नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“भागते की. पण तिथे मला बरं वाटतं.”

पश्चात्ताप औषधालाही नव्हता. त्याला एकमताने काढून टाकण्यात आलं. (माझ्या बायकोचं मत घेतलं नव्हतं. ते तिने घरी सविस्तर दिलं.)

दुकानावर मात्र मंडळाचा राग नव्हता. आम्ही त्याला पाच तारे दिले, ‘गेलंच पाहिजे’ असं लिहिलं, आणि शहर गेलं. दारापासून डेपोपर्यंत रांग लागली. ड्रायव्हर आणि नर्सबाई काही दिवस रांगेत उभे राहिले, जेवणाची सुट्टी संपली की उपाशी परत गेले, आणि शेवटी दुसरीकडे जेवू लागले. मग शहराचं एकदा जाऊन झालं.

एका दुपारी मी त्या गल्लीतून जात होतो. चारही टेबलं रिकामी होती. काकू दारात आल्या.

“या ना आत.”

“आमचं येऊन झालंय,” मी म्हणालो.

“माझं काही चुकलं का हो? सगळे वा वा करून गेले. मग परत कुणी का येत नाही?”

मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. आत जाऊन मुकाट्याने बसावं असंही वाटलं. पण चिटणीसच पाघळला तर घटनेला कोण विचारणार?

“तुमचं काहीच चुकलेलं नाही,” मी समजूत घातली. “तुम्हाला पाच तारे आहेत.”

मेहुणा रोज जात राहिला, शेवटी शेवटी तर दोन्ही वेळा. पण एका माणसाच्या पोटावर दुकान चालत नाही. काकूंनी काचेचं कपाट विकलं आणि दुकान बंद केलं.

मंडळाने शोकसभा घेतली (नव्या कॅफेत). सगळे भरभरून बोलले. असं दुकान पुन्हा होणे नाही, यावर एकमत झालं. मेहुणा दाराशी उभा राहून ऐकत होता. “परत एकदा जायला हवं होतं,” असं अध्यक्ष म्हणाले तेव्हा तो निघून गेला. माणसाला शिष्टाचार नाही.

हे वाचताना तुम्हालाही जवळपासचं एखादं छोटं दुकान आठवलं असेल. फार छान आहे, असं तुम्ही चार जणांना सांगितलंही असेल, आणि सवड मिळाली की पुन्हा जायचं तुमच्या मनात असेल. अशांना मंडळाचं सभासदत्व आपोआप मिळतं. अर्ज करावा लागत नाही.