दारातलं भिंग

धाकटीचा उजवा डोळा दाराच्या भिंगाला चिकटलेला होता आणि डावा गॅसवरच्या दुधाकडे होता. समोरच्या दारात तिची थोरली जाऊ कोणा बाईंना निरोप देत होती. दोन्ही फ्लॅट सख्ख्या भावांचे, मध्ये दोन पायपुसणी मावतील एवढीच जागा, त्यामुळे भिंगातून दिसायचंही छान आणि ऐकूही यायचं. पाहुण्या बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या.

"मग शुक्रवारी पाठवते हं टिकलीला," थोरली म्हणत होती. "पांढरा कोट शिवून घेतलाय तिच्या मापाचा."

दूध उतू गेलं.

"अहो, कोट शिवलाय! पांढरा!" धाकटी ओट्याकडे धावता धावता ओरडली.

"एवढी थंडी कुठे आहे?" नवरा पेपरमागून म्हणाला.

त्याला शिक्षण विभागाची सूचना आठवतही नव्हती. धाकटीला मात्र ती पाठ होती. मुलांना लहानपणापासूनच करिअरसज्ज करायचं असं विभागाने ठरवलं होतं. त्यासाठी दुसरीतल्या प्रत्येक मुलाने एक दिवस एखाद्या काम करणाऱ्या माणसाबरोबर काढायचा, ते माणूस काय करतं ते नीट पाहायचं आणि पुढच्या आठवड्यात विभागाच्या साहेबांसमोर उभं राहून सांगायचं. स्वतःचे आईवडील चालणार नव्हते, मुलांची दृष्टी व्यापक व्हावी म्हणून.

थोरलीची टिकली आणि धाकटीची खारू एकाच वर्गात, एकाच बाकावर. टिकलीचा पहिला दात पडला त्या दिवशी धाकटीने खारूचे सगळे दात हलवून पाहिले होते. टिकली पोहायला लागली तेव्हा खारूला सर्दी असूनही पाण्यात उतरावं लागलं होतं. पण खरा सल निराळाच होता. थोरलीचं रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान होतं, पाटीवर तिचं नाव होतं. धाकटी घरी बसून मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या माहितीपुस्तिका तपासून द्यायची. जगात जे कोणी एकदाही वाचत नाही ते ती दोनदा वाचायची. कोणी विचारलंच, तर "तशी मी घरीच असते" असं म्हणून मोकळी व्हायची. आणि मध्यंतरी वेणी घालताना खारू सहज म्हणाली होती, "आई, मी मोठी झाले की मोठी काकू होणार."

त्या दिवशी वेणी जरा जास्तच घट्ट झाली होती.

"खारूसुद्धा डॉक्टरीणबाईंकडेच जाणार," धाकटीने गॅस पुसत जाहीर केलं.

"तुझी ओळख आहे?"

"होईल."

दातांच्या डॉक्टरशी ओळख करून घ्यायची तर दात दुखायला हवा. धाकटी गालाला रुमाल लावून दवाखान्यात गेली आणि आपण काय बोलणार आहोत याची उजळणी करत त्या खुर्चीत बसली. खुर्ची मागे गेली. डोक्यावर दिवा लागला.

"त्याचं काय आहे, डॉक्टर, माझी मुलगी..."

"आ करा."

"ती दुसरीत आहे, आणि शुक्रवारी..."

"मोठा आ. हं! अहो, ही अक्कलदाढ आडवी आलीय की! शेजारचीला ढकलतेय. जागा नसताना घुसायचा स्वभावच असतो हिचा. आजच काढून टाकू."

तोंड उघडं असताना माणसाला 'नको' म्हणता येत नाही. तोंड मिटलं तेव्हा दाढ बशीत होती आणि तोंडात कापूस होता. त्या कापसातूनच धाकटीने आपला विनंतीअर्ज कसाबसा सादर केला. डॉक्टरीणबाई हसल्या. "पाठवा की! एकीला दोघी. कोट आहे ना?"

संध्याकाळी धाकटीने सुजलेल्या गालाने पांढऱ्या चादरीचा कोट बेतला. शेवटचं बटण लावते न लावते तोच वर्गाच्या ग्रुपवर बाईंनी विभागाची सुधारित सूचना टाकली. नवऱ्याने मोठ्याने वाचली. जिथे सुई, सुरी, आग, उंची, पाणी, वीज किंवा प्राणी असतील, अशी सर्व ठिकाणं वगळण्यात येत होती.

"उरलं काय मग? गाद्यांचं दुकान?" तो म्हणाला. "नाही, तिथेही सुई असते. आणि हे बघ, खाली अजून आहे. सोबतची व्यक्ती मुलाच्या नात्यातलीच हवी." त्याने बायकोच्या गालाकडे पाहिलं. "म्हणजे डॉक्टरही गेली आणि दाढही."

धाकटीला चिडायचं होतं, पण चिडलं की ठणका लागायचा.

बेल वाजली. दारात थोरली. "वाचलंस ना? अगंबाई, गाल का फुगलाय? कोणावर रुसलीस?"

"अहलहाह," धाकटी म्हणाली.

"अक्कलदाढ काढली? बरं केलंस, तशीही वापरात नव्हती." थोरली स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसली आणि मग म्हणाली, "आता वेळ कुठेय दुसरं नातं शोधायला? टिकली तुझ्याकडे येऊ दे, खारूला मी दुकानात नेते. चालेल ना?"

धाकटीच्या मनात बरंच काही होतं. आपली पोर दिवसभर हिच्या दुकानात, ते चकाकणारं यंत्र, त्या आरशांच्या भिंती, आणि हिची पोर इथे, मिक्सरच्या पुस्तिकेसमोर! हे सगळं तिला सांगायचं होतं. पण कापसातून फक्त "हं" निघाला आणि थोरलीने तो होकार धरला.

शुक्रवारी खारू मोठ्या काकूचं बोट धरून उड्या मारत गेली. एकदाही मागे वळली नाही. टिकली पांढरा कोट घालून समोरून आली आणि स्टुलावर बसली.

"काकू, मी आले. कर काम."

धाकटीने आदल्या दिवशी छोटंसं भाषण ठरवून ठेवलं होतं. आपलं काम साधं वाटलं तरी त्यामुळे घरोघरी मिक्सरच्या पात्यापासून बोटं कशी वाचतात, वगैरे. पण गाल काही ऐकेना. तिने पुस्तिका पुढे सरकवली.

"यात गोष्ट आहे?"

धाकटीने मान हलवली.

"मग चित्रं?"

एक होतं. मिक्सरचं. टिकलीने ते पाहिलं, मान डोलावली, आणि नंतर ती काकूकडेच बघत बसली. धाकटीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. खारू आत्ता काय करत असेल, हाच एक विचार. जिन्यात पाऊल वाजलं की ती सवयीने दाराशी जायची, भिंगाला डोळा लावायची, परत यायची. ठणका फार वाढला तेव्हा चहाचा गरम कप गालाला लावून, डोळे मिटून बाल्कनीत बसली. तेवढाच शेक.

संध्याकाळी टिकली म्हणाली, "काकू, तुझं काम मला कळलं हं." तिच्या आवाजात आदर होता. धाकटीला बरं वाटलं.

साहेब आले त्या दिवशी वर्गात मुलांच्या बाकांवर पालक बसले होते, गुडघे हनुवटीला टेकवून. थोरली आणि धाकटी नेमक्या एकाच बाकावर. गाल उतरला होता. धाकटीने नवी साडी नेसली होती. थोरलीचीही नवी आहे, हे तिने आत शिरतानाच टिपलं होतं.

पहिली टिकली उभी राहिली.

"माझी काकू दारावर काम करते," तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. "जिन्यात कोणी आलं की ती पळत जाते आणि भिंगातून बघते. आमच्या दाराकडे जास्त बघते. आमच्याकडे कोण आलं, पिशवीत काय आणलं, तिला सगळं कळतं. या कामाचे पैसे मिळत नाहीत. तरी ती एकदासुद्धा चुकत नाही."

वर्ग हसला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाकावर थोरलीची मान हळूहळू वळली.

"अस्सं!"

"वहिनी, ते म्हणजे... मी..." आता तोंडात कापूसही नव्हता, तरी शब्द फुटेना. धाकटीला वाटलं, धरणी नाही तर निदान बाकाने तरी पोटात घ्यावं.

"आता खारू," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"मोठी काकू लोकांना चष्मे देते," खारूने सांगितलं. "गिऱ्हाईक नसलं की काचेच्या कपाटातली मोठी दुर्बीण काढते आणि आमच्या बाल्कनीत बघते."

थोरलीची वळलेली मान झटकन जागेवर गेली.

"मलापण दाखवलं. आई गालाला कप लावून बसली होती. मोठी काकू म्हणाली, बघ, तुझी आई कशी सुखात बसलीय. कोणाची कटकट नाही. पोरीच्या वेण्यासुद्धा किती सुंदर घालते. नाहीतर मी! माझी टिकली शाळेतून येते तेव्हा मी दुकानात, आणि माझा चहा रोज गार. मग तिने नाक पुसलं आणि दुर्बीणपण पुसली."

या वेळी कोणी फारसं हसलं नाही. धाकटीने मान वर केली. थोरली फळ्याकडे टक लावून पाहत होती, फळ्यावर काहीच नव्हतं.

"वा!" साहेब म्हणाले. "मुलींचं निरीक्षण उत्तम आहे. आणि त्यांच्या घरातल्या मोठ्यांचं तर त्याहून उत्तम. बरं बाळ, तू मोठेपणी कोण होणार?"

धाकटीने श्वास रोखला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला थोरलीनेही.

खारूने दोघींकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाली, "दोन्ही. सकाळी दुर्बीण, संध्याकाळी भिंग."

परतताना मुली पुढे पळाल्या. मागे दोघी जावा चालत होत्या. जिन्याशी धाकटीने विचारलं, "वहिनी, दुर्बिणीतून माझा चहा कसा दिसतो हो?"

"गरम दिसतो गं. वाफसुद्धा दिसते."

"तो प्यायला नव्हता. दाढेला शेक देत होते. जीव चालला होता माझा."

थोरली जिन्यातच थांबली. "आणि मी वेडी इकडे तुझ्या सुखाने जळत होते!" तिला इतकं हसू आलं की कठड्याला धरावं लागलं.

दोघींचे मोबाइल एकदम वाजले. विभागाची नवी सूचना. लहान मुलं फार बारकाईने पाहतात, असं निदर्शनास आल्याने सदर उपक्रम यापुढे नववीपासून राबवण्यात येणार होता.

"सुटलो," थोरली म्हणाली. "उद्या दुपारी दुकानात ये. थर्मासमध्ये चहा घेऊन ये, गरम."

"येते," धाकटी म्हणाली आणि मनापासून म्हणाली. दार लावलं. चपला काढल्या. आता पुन्हा नाही, असं तिने ठरवलंही. पण बाहेर काहीतरी खुडबुड झाली आणि पाय आपोआप वळले. एकदाच, शेवटचं, म्हणून तिने भिंगाला डोळा लावला.

पलीकडून एक भला मोठा डोळा आत बघत होता.

"अगं, हे भिंग अगदीच धूसर आहे," बाहेरून थोरलीचा आवाज आला. "यातून तुला आमच्याकडचं काय डोंबल दिसत असेल? उद्या चांगलं बसवून देते."