दोष क्रमांक चारशे सतरा

कंसराव दर शनिवारी दुपारी चार वाजता गिटार वाजवत, आणि वाईट वाजवत. या दोन्ही गोष्टींबद्दल गेल्या अकरा वर्षांत एकही लेखी तक्रार नव्हती.

कंसराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका प्रोग्रॅममध्ये कंस उघडला आणि तो बंद न करताच ते जेवायला गेले. जेवून परत येईपर्यंत अख्ख्या कंपनीचं काम ठप्प झालं होतं. तेव्हापासून खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

वाजवायचं गाणं एकच. कॉलेजात असताना शिकलेलं, ढणढणाटी, रॉक म्हणतात त्या जातीचं. दुसऱ्या कडव्याच्या चौथ्या ओळीला त्यांची करंगळी तारेवरून घसरायची आणि मांडणीवरून पातेलं पडावं तसा आवाज व्हायचा. समोरच्या खुर्चीत त्यांचे बाबा बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन ठेका धरत, आणि सगळा वेळ त्या एका क्षणाची वाट पाहत. "पडला रे, पडला!" असं ओरडून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. आई गेल्यापासून बाबा आठवड्यातून तेवढंच हसत. कंसराव गिटार वाजवत ते खरं तर त्या हसण्यासाठी. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ येईल असं वाटलंही नव्हतं.

वेळ आणली ती परिपत्रकाने. एका अंतर्गत पाहणीत कंपनीचे कर्मचारी थकलेले आढळले होते. थकव्याचं कारण काम असावं, असा घाईचा निष्कर्ष न काढता व्यवस्थापनाने 'कर्मचारी विरंगुळा संवर्धन धोरण' लागू केलं. प्रत्येकाने एक छंद नोंदवायचा. ज्याला छंद नसेल त्याला तो नेमून देण्यात येणार होता. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ फावल्या वेळात शब्दकोडी रचायचा, त्याला आठवड्याला तीन कोड्यांचं उद्दिष्ट मिळालं. एकाने घरात टाळी वाजवली की पडदे उघडतील अशी सोय केली होती, त्याच्याकडे शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र मागण्यात आलं. एकाने छंदाच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'झोप' लिहिलं. त्याला मत्स्यपालन देण्यात आलं. काचेची पेटी लगेच मिळाली, मासे मंजुरीसाठी वर गेले होते.

अर्ज चौदा पानी होता. 'छंदाचा उद्देश' या रकान्यात कंसरावांनी 'काही नाही' असं लिहिलं. तो रकाना अनिवार्य असल्याने अर्ज परत आला, तेव्हा त्यांनी 'सर्वांगीण' असं लिहिलं आणि ते लगेच मान्य झालं. बायकोची सहीसुद्धा लागत होती. ती म्हणाली, "वाजवणार तू, ऐकणार बाबा, आणि सही माझी?" पण तिने केली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते नवव्या पानावर, 'ज्ञात दोष' या रकान्यात. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने तो रकाना कोरा सोडला असता. पण प्रोग्रॅमरला माहीत असलेला दोष न नोंदवता पुढच्या पानावर जाता येत नाही. तसं गेलं तर त्याला जेवण जात नाही. कंसरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दुसरं कडवं, चौथी ओळ, करंगळी घसरते.' खाली प्रश्न होता, 'दोषाचा घरातील ज्येष्ठ नागरिकांवर परिणाम होतो का?' त्यांनी लिहिलं, 'होतो.'

दुसऱ्या दिवशी दोषाला क्रमांक मिळाला, चारशे सतरा. ज्येष्ठ नागरिक गुंतलेले असल्याने तीव्रता 'अति उच्च' ठरली.

मग रोज सकाळी साडेनऊला सगळे गोल करून उभे राहू लागले. काल काय विरंगुळा केला, आज काय करणार आणि मध्ये अडचण काय, हे एकेकाने सांगायचं. मधोमध नव्या विरंगुळा अधिकारी मॅडम वही घेऊन उभ्या असत. यापूर्वी त्या कंपनीची आग विझवायची नळकांडी तपासत, त्यामुळे धोका ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तुमची अडचण?" त्यांनी शब्दकोडीवाल्याला विचारलं.

"काम."

"ती धरत नाही आपण. कंसराव, चारशे सतराचं काय झालं?"

"मॅडम, तो दोष तसा कुणाला त्रास देत नाही हो."

"कुणाला त्रास नव्हता तर नोंदवला कशाला?"

शनिवारी मॅडम प्रत्यक्ष पाहणीसाठी घरी आल्या. बाबांनी डबा खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिलं.

"ह्या कोण?"

"ऑफिसातून आल्यात, बाबा. गिटार ऐकायला."

"गिटार ऑफिसची आहे का?"

"नाही."

"मग ऑफिस कशाला आलंय?"

कंसरावांनी गाणं सुरू केलं. दुसरं कडवं, चौथी ओळ, करंगळी घसरली. "पडला रे, पडला!" बाबा खुर्चीत मागेपुढे होऊन हसायला लागले. मॅडमही हसल्या. खुदकन नव्हे, चांगल्या मोठ्याने हसल्या. मग पदरानेच डोळे टिपून त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: 'दोष पुन्हा घडवून पाहिला. लाभार्थ्याने तोंडी दुजोरा दिला.' निघताना दारात त्या कंसरावांना हळूच म्हणाल्या, "मी शीळ फार छान घालायचे. आता वेळच मिळत नाही." आणि सुधारणेसाठी सहा आठवड्यांची मुदत दिली. मुदतीत दोष दूर न झाल्यास गिटारची नोंदणी रद्द होणार होती, आणि बदली छंद म्हणून एकच गोष्ट शिल्लक होती. आणखी एक काचेची पेटी.

कंसराव मुळातले कामसू. एकदा तारीख ठरली की ती पाळायची, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी कंपनीने लावून दिलेला शिक्षक पत्करला, करंगळीचे चाळीस व्यायाम केले आणि ती एक ओळ रोज दीडशे वेळा घोटली. दोन आठवडे बाबा खुर्चीत बसून होते. तिसऱ्या आठवड्यात ते डबा घेऊन गच्चीवर जाऊन बसू लागले.

मुदतीच्या शेवटच्या शनिवारी चार वाजता बाबा खाली आले. कंसरावांनी सुरुवात केली. चौथी ओळ जवळ आली तसा बाबांनी डबा थांबवला, तोंड अर्धं उघडलं, पुढे झुकले. ओळ आली आणि गेली. स्वच्छ, एकही तार न चुकता. गाणं संपलं तरी बाबा तसेच झुकलेले होते.

"पडला नाही?"

"नाही बाबा. दुरुस्त केला."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि उठून टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेले. टाकी त्यांनी सकाळीच बघितली होती.

सोमवारी कंसरावांना टाळ्यांच्या गजरात प्रमाणपत्र मिळालं आणि पुढच्या तिमाहीसाठी तीन नवीन गाणी मिळाली. त्यांनी तीच दुपार साधून अर्ज केला की दोष क्रमांक चारशे सतरा कृपया पूर्ववत करावा. असा अर्ज कंपनीत पहिलाच होता. दहा दिवसांनी उत्तर आलं: 'बंद झालेला दोष पुन्हा उघडता येत नाही. करंगळी हेतुपुरस्सर घसरवायची असल्यास ते कौशल्य ठरेल. त्याची परीक्षा द्वितीय श्रेणीत होते.'

शनिवारी त्यांनी परीक्षेविनाच घसरवून पाहिली. बाबा हसले नाहीत. "मुद्दाम पाडतोस होय?" ते म्हणाले. "राहू दे. मला कळतं." अकरा वर्षं जी करंगळी न सांगता घसरत होती, ती आता सांगूनही नीट घसरत नव्हती. त्यांनी गिटार भिंतीला टेकवली आणि रडू येईल या भीतीने ते तिच्याकडेच बघत बसले.

मग बाबा म्हणाले, "आण इकडे. आणि हा डबा तू धर."

ऐंशीच्या घरातल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा गिटार मांडीवर घेतली, तीही उलटी. त्यांनी सगळ्या तारा एकदम छेडल्या आणि एक पातेलं नाही, स्वयंपाकघरातली सगळी भांडी एकदम पडली. "पडला हो, पडला!" कंसराव डबा बडवत ओरडले, आणि दोघं इतके हसले की बायको हातातलं काम टाकून बघायला आली आणि दारातच बसून हसायला लागली.

याची बातमी कंपनीत पोचलीच. पण बाबा कंपनीचे कर्मचारी नसल्याने धोरण त्यांना लागू होत नाही, असा अभिप्राय मॅडमनी आपल्या हाताने लिहिला आणि त्याच कागदाच्या मागे राजीनामा लिहिला. आता त्या शनिवारी चारला वहीविना येतात, शीळ घालतात. मधल्या वर्षांत पुढचा दात पडल्यामुळे ती फुसकी निघते, आणि त्यावर बाबा आधी हसतात.

विरंगुळा अधिकाऱ्याची जागा तेव्हापासून रिकामी आहे. बाबांना एवढी आवड आहे तर त्यांना एखादा चांगला क्लास लावून द्यावा, असं ही गोष्ट वाचताना ज्यांच्या मनात येऊन गेलं, आणि घरात कुणी नुसतं गुणगुणलं तरी जे फीचं विचारायला फोन उचलतात, त्यांनी अवश्य अर्ज करावा. अनुभवाची अट आहे, पण तो तुमच्याकडे आहेच.