दुनळी खुळखुळते

आर्णीच्या नानाजींनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि तिथून घरात रामायण सुरू झालं. त्यात एक दाढीवाला अमेरिकन जुनी दुनळी बंदूक कशी पारखावी ते दाखवत होता. नानाजींना इंग्रजी कळत नव्हतं, पण हातवारे कळले. नळ्यांखालचं लाकूड काढायचं, बंदूक कानाशी धरून हलवायची. खुळखुळली, की नळ्या आणि सांगाडा यांचा सांधा ढिला.

नानाजींकडे वडिलांची अमेरिकन दुनळी होती. परवाना रानडुकरांपासून तूर राखायचा. (आजवर एकाही डुकराला नानाजींकडून ओरखडाही उठला नव्हता.) तिला तेलपाणी करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे प्रेम दिसे, ते बेबीताईंना लग्नाच्या अल्बममध्येही सापडलं नव्हतं.

नानाजींनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, कानाशी धरली आणि सारं अंग लावून हलवली.

खुळ्ळ!

"वाजली वं!" नानाजी मटकन खाली बसले.

"मंग ठेवता कायले?" कणकेचे पानगे भाजता भाजता बेबीताई कडाडल्या. "तोंडावर फुटली म्हंजे? जे खुळखुळते ते जमा करा!"

ठाण्यात जमा! बाबांची तेवढीच एक खूण घरात उरली होती. त्यांनी शेजारच्या जफरभाईंना हाक मारली. जफरभाई रेडिएटर दुरुस्त करत, म्हणजे लोखंडाशी त्यांची सोयरीक होतीच.

जफरभाईंनी बंदूक हलवली. चूप. नानाजींनी हलवली. खुळ्ळ! पुन्हा जफरभाई. चूप.

"नानाजी, हे तं तुमच्याच हातात बोलून राह्यली!"

"बाबाची हाये नं. घरच्याच माणसाले दुखणं सांगते," नानाजींनी डोळे पुसले.

व्हिडिओत आणखी एक परीक्षा होती. नळ्यांच्या मागच्या टोकाला काळं लावायचं, बंदूक मिटून उघडायची. सांगाड्यावर ठसा सगळीकडे सारखा उमटला, तर सांधा घट्ट. नानाजींनी बेबीताईंची काजळाची डबी पळवली. जफरभाईंनी बंदूक मिटली, उघडली. ठसा कसा, छापल्यासारखा!

"घट्ट हाये! बाबाची बंदूक घट्ट हाये!" नानाजींनी आनंदानं उडी मारली.

खुळ्ळ!

बंदूक तर जफरभाईंच्या हातात होती.

बेबीताई पदर खोचून पुढे आल्या. "मान हालवा बरं."

खुळ्ळ.

"आता आ करा."

दसऱ्याला यवतमाळहून बसवून आणलेली वरची कवळी नानाजींच्या तोंडात मोकाट फिरत होती.

जफरभाई हसता हसता भिंतीला टेकले. "भाभी, आता?"

"आता काय? मी बोलले ते बोलले. जे खुळखुळते ते जमा!"

त्या संध्याकाळी बंदूक कुलपात गेली आणि कवळी पेल्यात जमा झाली. जफरभाई वांग्याच्या भाजीशी कडक पानगे मोडत होते. नानाजींच्या ताटात वरणभात. पण त्यांना दुःख नव्हतं, छाती फुगली होती. त्यांनी उरल्यासुरल्या तोंडानं अभिमानानं जाहीर केलं, "फंहूक... घट्ट हाये!"

"घट्ट झालं का वरण?" बेबीताई म्हणाल्या. "थांबा, पाणी घालते."