किफ्लाची काळी चौकट

वेलिच्कोनं सकाळीच मुलीला फोन लावला आणि कशी आहेस वगैरे काही न विचारता बातमी दिली.

"तुझी किफ्ला तुझ्या आईच्या जागेवर मुतली."

"आईच्या कुठल्या जागेवर?" वार्नाहून विहरानं विचारलं.

"पलंगावर, खिडकीच्या बाजूला. वर लेंड्या. अशा रचून ठेवल्यात की जणू दुकान मांडलंय."

"पण ती खोली तर तू बंद ठेवतोस."

"ठेवतो. ही कालपासून दार खरवडत बसली होती. म्हटलं, एकदा आत काय आहे ते बघून घेऊ दे बाईला."

विहरा म्हणाली, "तिची शू-शीची पेटी तिथंच ठेव, बाबा."

"कुठं तिथं?"

"पलंगावर. सशाला जागा आपण नेमून द्यायची नसते. त्यानं निवडली की पेटी तिथं न्यायची. सवय लागली की रोज वीतभर सरकवायची. हळूहळू न्हाणीघरापर्यंत."

"आमच्या परसात ससे होते. पिंजऱ्यात असायचे आणि नाताळात हंडीत. कुठं बसायला आवडेल, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच तुमची मैत्री जमली नसेल," विहरा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

किफ्ला ही पांढरी सशीण. चंद्रकोरीसारखा वळवलेला पाव असतो ना बेकरीत, तशी अंग मुडपून बसायची, म्हणून विहरानं तिला त्या पावाचंच नाव दिलं होतं. उन्हाळा सरता सरता तिला टोपलीत घालून ती प्लेवेनला आली, बापापुढे ठेवली आणि म्हणाली, घरात श्वास घेणारं आणखी कुणीतरी असू दे. वेलिच्कोनं टोपलीत पाहिलं. किफ्लानं त्याच्याकडे पाठ फिरवली. दोघांचा संसार असा सुरू झाला.

आता त्या बंद खोलीचं. नेव्याना, वेलिच्कोची बायको, लेकीकडे गेली असताना एप्रिलमध्ये तिकडच्याच इस्पितळात वारली. तिला तिच्या माहेरच्या गावी, समुद्राकाठच्या मातीत ठेवलं. वेलिच्को एकटा परत आला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर झोपू लागला. प्लेवेनमध्ये माणूस मेलं म्हणजे इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद लागतो. वर फोटो, खाली नाव, वय, आणि घरच्यांचं दुःख दोन ओळींत. कागद लागला की शेजारी जिना चढून येतात. कागद नाही तर कुणी येत नाही, कारण यायचं कशाला हे कुणाला अधिकृत ठाऊकच नसतं. वेलिच्कोनं कागद लावला नाही. विहरानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यानं फोनवर पावसाचं काहीतरी सांगितलं.

पुढं लिफ्टपाशी समोरची स्तोयना भेटली. ती वयानं मोठी, स्वतः विधवा. तिनं विचारलं, "नेव्याना कुठाय रे?"

"गावी आहे," वेलिच्को म्हणाला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

स्तोयनाला विहरानं आधीच सगळं कळवलं होतं, आणि तिच्याकडून ते जिन्यालाही कळलं होतं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं," ती म्हणाली, "तिला सांग, यंदा मिरच्या चांगल्या आल्यात."

त्या दिवसापासून अख्खा जिना नेव्यानाला निरोप धाडू लागला. वरच्या मजल्यावरचा पानायोत म्हणायचा, "उस्ताद, वहिनींना सांगा, माझी कंबर आता बरी आहे." वेलिच्को म्हणायचा, "सांगतो." आणि घरी येऊन, चुलीवर कॉफी चढवताना, खरंच सांगायचा. कोणाला, ते चुलीला ठाऊक.

तर पेटी पलंगावर गेली. भुसा, वर सुकं गवत, कडेला तिच्याच चार लेंड्या, ओळख पटावी म्हणून. किफ्ला पलंगावर चढली, पेटीत बसली, आणि तिथून पुढं पेटीखेरीज कुठं बसेना. शिकवणी पुरी झाली होती. फक्त शाळा चुकीच्या ठिकाणी भरत होती.

मैत्रीचा धडा वेगळा होता. विहरानं बजावलं, "उचलायचं नाही. हात लावायचा नाही. जमिनीवर बसायचं आणि दुसरीकडं बघायचं. तिला वाटलं तर ती येईल."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"कुठंही. खोलीत बघण्यासारखं काहीतरी असेलच की."

होतं खरं. वेलिच्को गुडघे धरून खाली बसला आणि खोलीकडे बघू लागला. कपाटाच्या दाराला तिचा निळा अंगरखा लटकत होता. त्याखाली तिचे जोडे, एकाची टाच दुसऱ्यावर, बाई नुकती पाय सोडवून आत गेली असावी तसे. वेलिच्कोनं नजर वळवली तर तिची उशी. उशीवरून वळवली तर खिडकीतली वाळलेली तुळस. जिकडं बघावं तिकडं तीच. शेवटी त्यानं डोळे मिटले, आणि गप्प बसवेना म्हणून बोलू लागला. आयुष्यभर त्यानं ट्रॉलीबस चालवली होती. त्यानं थांब्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. स्टेशन, बाजार, कापडगिरणी, दवाखाना. परतीच्या वाटेवर असताना पायाला काहीतरी मऊ लागलं. किफ्ला त्याच्या सपातेवर हनुवटी घासत होती.

"म्हणजे काय?" त्यानं फोनवर विचारलं.

"म्हणजे तू आता तिच्या मालकीचा," विहरा म्हणाली.

मग पेटीची वाटचाल सुरू झाली. रोज वीतभर. उशीपासून पायथ्याशी, पायथ्यापासून जमिनीवर. पेटी सरकवायची तर वाटेतलं सामान हलवायला लागायचं. जोडे उचलले, अंगरखा घडी करून कपाटात ठेवला, वास जावा म्हणून खिडकी उघडली. एकदा घाईत त्यानं पेटी एकदम हातभर पुढं नेली, तर किफ्ला कालच्या जागी जाऊन बसली आणि कालच्या जागी आज त्याची सपाता होती.

"माझ्या गाडीत थांबा चुकला तर लोक ओरडायचे," वेलिच्को तिला म्हणाला. "तुझी तऱ्हाच न्यारी."

दिवस आखडले, झाडं उघडी झाली, जिन्यात लोणच्याच्या कोबीचा वास दरवळू लागला. पेटी उंबरा ओलांडून बोळात आली. इथून न्हाणीघर डावीकडे, बाहेरचं दार उजवीकडे. आणि नेमकी त्या सकाळी स्तोयना भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन आली, दार उघडं ठेवून उभी राहिली, आणि पोस्टातली रांग, तिचा गुडघा, पानायोतचा घटस्फोट या क्रमानं बोलत राहिली. ती गेली. दार लागलं. वेलिच्को वळला तर पेटी रिकामी.

त्यानं पलंगाखाली पाहिलं, चुलीमागं पाहिलं, मग जिन्यात. तळघरात, कोबीच्या पिंपांमधून, "किफ्ला, किफ्ला" करत फिरला. अंगणात गेला. तिथं दोन मांजरं ऊन खात होती, ती त्याला अति तृप्त वाटली. घरी येऊन तो रिकाम्या पेटीशेजारी जमिनीवर बसला. आता दुसरीकडं बघायची गरज नव्हती, तरी तो दुसरीकडंच बघत होता.

"बाबा, कागद लाव," विहरा म्हणाली. "फोटो टाकून. कुणीतरी पाहिली असेल."

चर्चसमोर मयताचे कागद छापणारा एक छापखाना होता. वेलिच्को एप्रिलपासून रस्ता ओलांडून त्याच्या पलीकडून चालत असे. आज तो आत शिरला. छापणारी बाई चष्मा कपाळावर ठेवून भाकरी खात होती.

"नाव?"

"किफ्ला."

"वय?"

"दोन."

बाईनं घास खाली ठेवला. "अरेरे. लेकरू?"

"ससा. हरवलाय."

बाईनं घास पुन्हा उचलला. "क्रूस टाकू की पान?"

"म्हणजे?"

"वरच्या कोपऱ्यात. श्रद्धाळू असेल तर क्रूस, नसेल तर झाडाचं पान."

"ससा आहे हो."

"म्हणजे पान," बाई म्हणाली आणि तिनं पान टाकलं.

छापून आला तो कागद वेलिच्कोनं धरला आणि त्याचा हात थांबला. भोवती बोटभर रुंद काळी चौकट होती.

"बाई, ती मेली नाहीये. ही चौकट काढा."

"काढते. पण मग वाचणार कोण?" बाईनं काचेतून बाहेर बोट दाखवलं. "तो खांब बघा. खिडक्या बसवून मिळतील, जुने टीव्ही घेऊ, दात पांढरे करू. कुणी थांबतंय का? चौकट दिसली की माणूस थांबतो. टोपी काढतो आणि खाली शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. तुम्हाला ससा हवाय की नको?"

वेलिच्कोनं चौकट राहू दिली. तळाशी 'शोकाकुल कुटुंबीय' अशी ओळ होती. ती साच्यातच आहे, निघत नाही, असं बाई म्हणाली.

त्यानं कागद इमारतीच्या दारावर लावला. गोंद लावला, कोपरे दाबले, तळहातानं मधला फुगा बाहेर काढला. त्या दारावर त्याला कधी असलं काही लावायचं नव्हतं. लावून झाल्यावर तो कागदाकडे न बघता वर गेला.

दुपारी दारावर टकटक झाली. स्तोयना. डोक्याला काळा रुमाल, हातात ताट, ताटात साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू, मयताच्या घरी नेतात ते.

"देव तिला क्षमा करो," ती म्हणाली.

"ताई, ती फक्त हरवलीय."

"हो रे," स्तोयना म्हणाली, "हरवलीच ती," आणि त्याला बाजूला सारून आत गेली.

तिच्यामागून तळमजल्यावरचं जोडपं राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली घेऊन आलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी. प्रत्येकाला वेलिच्को दारातच सांगत होता, की ससा हरवलाय, कुणी पाहिलाय का. प्रत्येक जण त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणत होता, "कळतंय हो, कळतंय," आणि आत जाऊन बसत होता. ग्लासाला ग्लास न लावता सगळ्यांनी मयताच्या नावानं एकेक थेंब जमिनीवर सांडला आणि प्यायले. सशाबद्दल काय बोलायचं हे कुणाला सुचेना. "गोरी होती," एक बहीण म्हणाली. "कुणाला त्रास नव्हता तिचा," दुसरी म्हणाली.

पानायोत आला तो केस ओले करून, भांग पाडून. हातात बेकरीतून आणलेली बानित्सा, पातळ पोळ्यांत चीज भरून भाजतात ती. ती टेबलावर ठेवताना तो म्हणाला, "उस्ताद, हिला काही चव नाही, मला ठाऊक आहे. मी इथं राहायला आलो त्या दिवशी माझ्याकडं चूलसुद्धा नव्हती. आणि ती चीज घातलेली गरम बानित्सा घेऊन दारात. म्हणाली, ताट उद्या दे, आधी खा."

सशानं बानित्सा कशी केली, असं कुणीही विचारलं नाही.

"पोळी घरीच लाटायची," स्तोयना ताटाकडे बघत म्हणाली. "विकतची कधी नाही."

वेलिच्कोनं तोंड उघडलं. ती गावी आहे, हे वाक्य नेहमीसारखं दातांपर्यंत आलं. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि सगळ्यांनी ते याआधी मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. पानायोतच्या ओल्या केसांतून पाण्याचा एक ओघळ कपाळावर उतरत होता.

"पातळ लाटायची," वेलिच्को म्हणाला. "टेबलाची नक्षी दिसायची पोळीतून."

मग सगळे एकदम बोलू लागले. बहिणींना तिनं शिवलेले पडदे आठवले. तळमजल्यावरच्याला ती लिफ्ट धरून ठेवायची ते आठवलं. नाव कुणी घेत नव्हतं, घ्यायची गरज नव्हती. "आणि ट्रॉलीबसमागं धावली होती ते?" पानायोत म्हणाला. "उस्तादांचा डबा घेऊन. मी गाडीतच होतो, मागच्या बाकावर..." तोच पुन्हा टकटक झाली, शेजारच्या जिन्यातली चार माणसं आली, आणि खुर्च्या कमी पडल्या.

"मी आणतो," म्हणून वेलिच्को निजायच्या खोलीत गेला. खुर्ची उचलायला वाकला तर पलंगाच्या पोटातून, जिथं हिवाळी पांघरुणं असतात तिथून, कुरतडल्याचा आवाज आला. मागच्या पातळ फळीला मुठीएवढं भोक होतं. भोकातून नाक बाहेर आलं, नाकामागून मिशा, मिशांना लोकरीचा धागा. किफ्ला घराबाहेर गेलीच नव्हती.

वेलिच्को गुडघ्यांवर बसला. दुसरीकडं बघायचं तो साफ विसरला. तिनं येऊन त्याच्या मनगटावर हनुवटी घासली. त्यानं तिला उचललं, आणि तिनं उचलू दिलं. तसाच तिला घेऊन तो दाराकडे निघाला. ओरडून सांगावं, सापडली म्हणून. मग सगळे हसतील. पानायोत पाठीवर थाप मारेल. आणि मग एकेक जण गुडघ्यांवर हात टेकून उठेल, ताटं उचलेल, बरं झालं म्हणेल आणि घरी जाईल. खाली जाता जाता कुणीतरी दारावरचा कागदही फाडून टाकेल.

त्यानं बोळातली पेटी पायानं आत ओढून घेतली, किफ्लाला तिच्यात ठेवलं, मूठभर गवत टाकलं. ओठांवर बोट ठेवलं. मग खुर्ची घेऊन बाहेर आला आणि दार हलकेच लावलं.

स्तोयनाचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. बाहीवर सुक्या गवताची काडी होती आणि तिला पांढरे केस चिकटले होते. तिनं दोन बोटांनी ती उचलली आणि कुणाला दिसायच्या आत स्वतःच्या खिशात टाकली.

"बस," ती म्हणाली. "गहू घे."

वेलिच्को बसला. चमचाभर गहू तोंडात घेतले, चावले, गिळले. मग पानायोतकडे वळला.

"तू काय सांगत होतास? ती गाडीमागं धावली तेव्हाचं. सगळं सांग. मी पुढं गाडी चालवत होतो, मला मागचं काहीच दिसलं नव्हतं."