सीट काही वर येईना

ऑफिसात त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. होता तो कारकून, पण एकदा बंद पडलेलं झेरॉक्स मशीन त्यानं चालू करून दाखवलं होतं. (प्लग निघाला होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.) तेव्हापासून ही पदवी जी चिकटली ती चिकटलीच, आणि वाईट म्हणजे हळूहळू त्याला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली.

बायकोला डोंगरात सायकल चालवायचं वेड. मागे एकदा मात्र उतारावर ती हँडलवरून पुढे उडून पडली. लागलं फारसं नाही, पण मनात भीती बसली. चढ ती झपाझप चढायची आणि उतार आला की सायकल हातात धरून चालत उतरायची. बरोबरच्या बायका शेजारून सुसाट जाताना "सावकाश ये गं!" म्हणायच्या, ते तिला फार झोंबायचं. म्हणून तिनं तेलाच्या दाबावर चालणारा सीटचा दांडा मागवला. हँडलवरची कळ दाबून बसलं की सीट खाली, उठून कळ दाबली की वर. उतारावर सीट खाली असली की अंग मागे रेलता येतं, माणूस तोंडावर आपटत नाही. रविवारी सकाळी डोंगरावर जायचं ठरलं होतं. शनिवारी कामावर जाताना ती सायकल दुकानात टाकायला निघाली.

"दुकानात कशाला? घरात माणूस असताना?" इंजिनिअर म्हणाला.

"कोण माणूस?" बायकोनं खरंच इकडेतिकडे पाहिलं.

"अगं, मी!"

ती म्हणाली, "अहो, उद्या मला तो उतार सायकलवर बसून उतरायचाय. खेळ करू नका हं."

"तू निर्धास्त जा," तो म्हणाला. (हे वाक्य त्यानं आजवर जेव्हा जेव्हा म्हटलं, तेव्हा तेव्हा कुणी ना कुणी धास्तावलेलं आहे.)

पहिली माशी शिंकली ती नळीपाशी. हँडलपासून सीटपर्यंत तेलाची बारीक नळी फ्रेमच्या पोटातून न्यायची होती. ती एका भोकातून आत जाई आणि आतच हरवे. तासभर ही झटापट पाहून शेवटी भाजी निवडत बसलेली त्याची आई उठली. तिनं दोऱ्याला सेफ्टी पिन बांधून ती आत सोडली, फ्रिजवरचं लोहचुंबक बाहेरून फिरवत पिन दुसऱ्या भोकापर्यंत आणली आणि दोऱ्याला नळी बांधून ओढून घेतली.

"परकराची नाडी आहे रे ही," ती म्हणाली आणि परत भाजी निवडायला बसली.

पुढे दोन सिरिंजनी नळीत तेल भरायचं आणि आतली हवा काढायची. तेल नळीत गेलं, तसं शर्टावर, फरशीवर आणि आईच्या भाजीतही गेलं. पण बुडबुडे थांबले. मग त्यानं दांडा फ्रेममध्ये घातला आणि बोल्ट आवळायला घेतला. इथे त्याला डोळ्यांपुढे एकदम बायको उडताना दिसली. सीट हलली आणि ती पुन्हा पडली तर? त्यानं बोल्ट जीव खाऊन आवळला. मग देवाचं नाव घेऊन आणखी एकदा आवळला.

तो सीटवर बसला, कळ दाबली. सीट अलगद खाली गेली. "आई, बघ!" तो ओरडला. मग उठून पुन्हा कळ दाबली. सीट काही वर येईना. दाबली, दाबली, अंगठा दुखेस्तोवर दाबली. सीट आपली रुसून बसल्यासारखी खाली.

"आत हवा राहिली असणार," असं म्हणून त्यानं सगळं तेल काढलं, पुन्हा भरलं. सीट खालीच. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं.

संध्याकाळी बायको आली. तिनं सीट पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पर्स खाली ठेवली.

"मोडली ना?"

"मोडली नाही गं. फक्त... वर येत नाही."

"दुकान बंद झालं असेल आता. आणि जुना दांडा लावणार असाल तर मी जात नाही. मला पुन्हा नाही ऐकायचं ते सावकाश ये गं." हँडल धरून ती उभी राहिली, आणि रागारागानं अंगठा त्या कळीवर दाबून धरला.

इंजिनिअरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान जुना दांडा लावून ठेवू, म्हणून त्यानं ऍलन की घेतली आणि सीटवर ओणवा होऊन बोल्ट सैल करायला लागला. बोल्ट थोडासा फिरला, आणि सप्पकन सीट वर आली. थेट हनुवटीवर. तो फरशीवर पडला, तेलावरून घसरत कपाटापर्यंत गेला, आणि तिथून ओरडला, "आली! वर आली!"

आवळून आवळून त्यानं दांड्याचा गळाच दाबला होता. बोल्ट बेतानं आवळल्यावर सीट खाली गेली, वर आली. बायकोनं दहा वेळा करून पाहिलं.

"इतकं कशाला आवळायचं?"

"तू पडशील म्हणून," तो हनुवटी चोळत म्हणाला.

फ्रिजमधून बर्फ काढून तिनं स्वतः त्याच्या हनुवटीला लावला. त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दुपारी ती परतली ती चिखलानं माखलेली आणि हसत. "उतरले! सगळा उतार, बसून! सगळ्यांच्या पुढे! सीट तर काय चालली म्हणून सांगू! सगळ्या विचारत होत्या, कुणी बसवली गं? आम्हालाही हवी."

इंजिनिअरची छाती फुगली. "मग? काय सांगितलंस?"

"दुकानाचा नंबर दिला."

"दुकानाचा? अगं, माझं नाव नाही सांगितलंस?"

"अगदी ओठांवर आलं होतं हो," ती बूट काढत म्हणाली, "पण मैत्रिणी आहेत त्या माझ्या."