हलक्या काठीचे अनंत गुण

धर्मेंद्रचा उजवा खांदा ही शासकीय मालमत्ता नव्हती, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीसाठी तरतूद नव्हती. काठी मात्र शासकीय होती. तलाव मत्स्यगणना कक्षात तो रोजंदारीवर गणक होता. नागपुरातल्या एका तलावावर रोज दोनशे वेळा गळ फेकायचा, लागतील तेवढे मासे वहीत लिहायचे आणि परत पाण्यात सोडायचे, हे त्याचे काम. हातातली काठी मूळची समुद्रावरची, सातशे चाळीस ग्रॅमची. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कार्यालयाने ती शिल्लक साहित्य म्हणून पाठवली होती, आणि नागपूरला समुद्र नाही ही बाब नोंदवायला पोचपावतीत रकाना नव्हता.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी खांद्याचा फोटो उजेडात धरून सांगितले, की काठी बदला नाहीतर काम बदला. काम बदलण्यासारखे दुसरे काम धर्मेंद्रकडे नव्हते. सलग आठ दिवस दोनशे फेकींची संख्या भरली नाही तर रोजंदाराचे नाव पटावरून आपोआप उतरत असे.

म्हणून मिनल डोंगरेने काठीचे प्रकरण हाती घेतले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती कक्षात तांत्रिक सहायक म्हणून लागली, त्याला चारच महिने झाले होते. उत्तर पाठवले की प्रश्न सुटला, असे मानायची सवय तिला अजून लागली नव्हती. ती तलावावर गेली, जुन्या काठीने वीस वेळा स्वतः गळ फेकला, आणि दुसऱ्या दिवशी तिला केस विंचरता येईनात. मग तिने दोन पानी टिपण लिहिले. वारंवार फेकायची काठी हलकी हवी, पण नुसती हलकी नको. तिचा तोल मुठीजवळ पडला पाहिजे, नाहीतर शेंडा खाली ओढतो आणि सगळा भार मनगटावर येतो. लांबी साडेसहा फूट पुरे. मूठ घामाने निसटू नये.

अधीक्षक वामनराव गिरडकरांनी टिपण ओळीवर बोट ठेवून वाचले. अकरा चौकशांतून ते निष्कलंक बाहेर पडले होते, आणि त्याचे कारण एवढेच, की त्यांनी कधीच कुठे विशेषण वापरले नव्हते.

"काहून पोरी, एवढं लिहून राहिली? तोल हाताशी पडते की नाही, हे कोण ठरवन? उद्या हरकत आली तं तू देशीन का उत्तर? आकडा दे. एकच."

मिनलने रात्रभर नाही, पाच मिनिटेच विचार केला. गुण बरोबर एक हजार भागिले काठीचे ग्रॅममधले वजन. वजन कमी, गुण जास्त. सूत्र इतके सुटसुटीत होते की तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

त्या सूत्रावर निविदा निघाली. पुरवठादारांना नमुना सुधारायला तीन फेऱ्यांची मुभा होती, आणि पारदर्शकता म्हणून प्रत्येकाचे गुण सगळ्यांना दिसत. कार्यालयाचा काटा माशांच्या खाद्याची पोती तोलायचा, म्हणून इतवारीतल्या सराफाचा काटा मागवला. पहिल्या फेरीत सव्वाशे ग्रॅमची एक काठी आली. गुण आठ. धर्मेंद्रने ती कार्यालयाच्या आवारात दहाबारा वेळा फेकून पाहिली आणि कितीतरी दिवसांनी खांदा न चोळता म्हणाला, "हे बेस हाय मॅडम. हेच घेऊन टाका."

पण फेऱ्या अजून दोन होत्या. दुसऱ्या फेरीत कोणीतरी मूठ आणि दोरा ओवायच्या कड्या काढून पन्नास ग्रॅमची काठी पाठवली. गुण वीस. तिसऱ्या फेरीत एकाने नुसता शेंडा पाठवला, चार ग्रॅमचा. गुण अडीचशे. मिनलने लेखी आक्षेप घेतला. निविदा उघडल्यावर निकष बदलणे म्हणजे पक्षपात, असे तिला लेखी कळवण्यात आले.

शेवटचा नमुना इतवारीतल्याच एका दुकानदाराचा होता. लांब कापडी पिशवी, मोहोरबंद. आत काही नव्हते. पिशवी हे वेष्टन, आणि वेष्टनाचे वजन धरायचे नाही असा नियमच होता. सराफाच्या काट्याने शून्य दाखवले.

"सर, यात काठीच नाही," मिनल म्हणाली.

"सूत्रात काठी पाहिजे, असं कुठं लिवलं?"

तिने पाहिले. लिहिले नव्हते. शून्याने भागता येत नाही, त्या उत्तराला व्याख्याच नाही, असे तिने सांगून पाहिले. व्याख्या नसलेले उत्तर वामनरावांना चालण्यासारखे नव्हते.

"बरं, वजन कमी कमी करत गेलं तं गुण काय होतात?"

"वाढत जातात. अनंताकडे."

"अनंत म्हणजे अडीचशाहून जास्त?"

बाकी कशात तडजोड केली असती, पण यात मिनलला खोटे बोलता येईना. "जास्त," ती म्हणाली. वामनरावांनी गुणांच्या रकान्यात लिहिले: अनंत. पुढे कंसात, अक्षरी अनंत.

काठी रीतसर दाखल झाली. साठ्याचा क्रमांक कुठे डकवायचा हा प्रश्न आला, तेव्हा क्रमांकाचा बिल्ला धर्मेंद्रच्या मनगटाला बांधण्यात आला. एका गणकाला एकच काठी, म्हणून जुनी जमा करून घेतली.

"मॅडम, मले जुनीच द्या ना," तो मिनलला हळूच म्हणाला. "खांदा दुखते, पण मासा तं लागते. हिले गळ कुठं बांधू?"

दुसऱ्या दिवसापासून तो तलावाच्या काठावर उभा राहून रिकामा हात दोनशे वेळा फेकू लागला. फिरायला येणारे पहिले दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थाने, एवढी हलकी काठी मिळते कुठे, असे गंभीरपणे विचारले. महिनाभरात खांदा बरा झाला. डॉक्टर म्हणाले, हाच व्यायाम मी सांगणार होतो. चाचणी अहवालात थकवा शून्य, तक्रारी शून्य आणि मासे शून्य अशी नोंद झाली.

मासे शून्य म्हटल्यावर पुढचे सरळ होते. ज्या तलावात मासे नाहीत तिथे मासे मोजणारा कशाला? गणकाचे पद रद्द करण्याचे ठरले, आणि कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, अशी सूचना तलावाच्या काठावर लागली.

सूचनेच्या फलकाखाली रंभाबाई मासे विकायला बसते. त्याच तलावातले. काय लिवलं हाय वं, असे तिने मिनलला विचारले. मिनलने वाचून दाखवले. रंभाबाईने हातातल्या रोहूचे खवले काढणे थांबवले नाही.

"मासे नाही म्हन्ते? मंग हे का मी घरून आणून राहिली?"

ती अंगठा द्यायला तयार होती, पण हरकतीच्या अर्जात ईमेल सक्तीचा होता. धर्मेंद्रची हरकत हितसंबंधिताची म्हणून बाद. मिनल कर्मचारी, तिला हरकतीचा अधिकार नव्हता. उरले फक्त वाचणारे.

पंधरा दिवसांत बाराशे चाळीस जणांनी सूचना वाचली, हे खांबावरच्या कॅमेऱ्याने मोजले. बहुतेक जण हसले. काहींनी फोटो काढून इतरांना पाठवले, आणि जाताना रंभाबाईकडून अर्धा किलो रोहू घेतली. हरकत एकही आली नाही. सोळाव्या दिवशी धर्मेंद्रने मनगटावरचा बिल्ला सोडून टेबलावर ठेवला. खांदा एकदम ठणठणीत होता.

प्रकरण बंद करण्यापूर्वी जनतेचे समाधान आकड्यात देणे आवश्यक होते. वामनरावांनी मिनलच्याच सूत्रात थोडा बदल केला: वाचणारे भागिले हरकती.

हे आता तुम्हीही वाचले आहे, हसलाही असाल. तेव्हा वरच्या आकड्यात एकाची भर पडेल. उत्तर बदलणार नाही.